शुक्र समोर असताना

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यामुळे एक खोड अंगवळणी पडली आहे. माझ्यासमोर कुणी चुकीची दिशा सांगितली की मला गप्प बसवत नाही. रिक्षावाल्याला मी उत्तर दक्षिण समजावते. लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता चुकला असेल तर आहेर देताना यजमानांना सांगते. आमच्या घरात म्हणतात, हिच्यासोबत बाहेर पडलं की रस्ता चुकायचीही सोय नाही. म्हणोत बापडे. पूर्व ती पूर्वच.

आई माझ्याकडेच असते, जळगावला. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण उन्हाळा लागला की बिबडे घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. सकाळी गच्चीवर खाटेवर धोतर पसरून घालायचे आणि दिवस मावळताना काढायचे. एका वर्षी मी खालून डबा घेऊन वर गेले, तर आई काम सोडून पश्चिमेकडे बघत बसली होती. पाण्याच्या टाक्यांच्या वर शुक्र उगवल्यासारखा टपोरा दिसत होता. तसा तो उगवत नव्हता, मावळत होता. पण हे मी तेव्हा बोलले नाही, एवढं श्रेय मला द्या.

"उनी माय," आई त्याच्याकडे बघत म्हणाली. आली बाई, असं. शुक्र तिच्यासाठी कायम बाईच. लहानपणापासून मी तिला या एका चांदणीशी असं बोलताना ऐकत आले आहे. बाकीच्या आकाशाशी तिचं काही देणंघेणं नाही.

मला तिला गंमत सांगायची होती. आदल्या आठवड्यात मी शुक्राबद्दल वाचत बसले होते. निवृत्त शिक्षकाला दुसरं काय काम? त्या ग्रहावर कायम ढगांची गोधडी पांघरलेली असते, म्हणून यानांनी ढगांच्या आरपार लहरी सोडून जमिनीची चित्रं काढली. खाली शिसं वितळेल एवढी धग. जळगावच्या उन्हाळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावं. आणि त्या जमिनीवर उल्का आदळून पडलेले शेकडो खड्डे. मी फोनवर चित्र काढून आईच्या हातात दिलं. तिनं फोन लांब धरून बघितलं आणि म्हणाली, खापरावरची पोळी जरा जास्त भाजली की अशी दिसते.

मग मी तिला सगळ्यात मोठा खड्डा दाखवला. पश्चिमेला नवापूरपासून पूर्वेला रावेरपर्यंत अख्खा खान्देश त्यात उतरवला तरी कडेला जागा उरेल, एवढा मोठा. खोली मात्र फारशी नाही, म्हणून तो खड्ड्यापेक्षा ताटासारखाच दिसतो, दुहेरी काठाच्या ताटासारखा. आणि खरी गंमत पुढेच होती. मी म्हटलं, आई, तिथल्या सगळ्या खड्ड्यांना बायकांची नावं आहेत. मोठ्या खड्ड्यांना मोठ्या, नावाजलेल्या बायकांची. लहान खड्ड्यांना कुणाही साध्या बाईची, नुसती हाक मारायची नावं, देशोदेशीची. एका डोंगररांगेला तेवढं पुरुषाचं नाव आहे, तिथेही एक जण घुसलाच.

मला वाटलं आई हसेल. तिनं बिबडे डब्यात रचायचे थांबवले.

"माहेरनं नाव का सासरनं?" तिनं विचारलं. माहेरचं की सासरचं, असं.

मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, हुशार मुली हाताखालून गेल्या, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मलाही पडला नव्हता. मी म्हटलं, बघून सांगते.

आईच्या या प्रश्नामागे काय होतं ते सांगायला हवं.

आईचं माहेर शिंदखेड्याच्या बाजूला एका खेड्यात, सासर जळगावजवळ. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव सगळीच घरं बदलत नाहीत. पण आईचं बदलणं भागच होतं, कारण तिचं नाव आणि तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आजीचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोन बाया कशा चालतील? लग्नातच तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले आणि आई दुसरी कुणी झाली. इथवर ठीक. पण सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हा दुसरा नियम होता, आणि आजी नियमांची पक्की होती. म्हणजे आईचं जुनं नाव नुसतं गेलं नाही, ते तिला उच्चारायलाही बंदी झाली. आमच्या गल्लीत त्याच नावाची एक मुलगी होती. आई तिला हाक मारायची ती "ए मोठ्या बाईच्या नावाची" अशी. ती बिचारी एवढ्या लांबलचक हाकेला ओ द्यायची. आजी गेल्यावर तरी नियम सुटायला हवा होता. पण आई म्हणे, गेलेल्या माणसाचा मान जास्त ठेवायचा असतो. पुढे काय बोलणार?

आणखी एक होतं. शिंदखेड्याकडच्या अहिराणीतला तिचा "शे" सासरी सगळ्यांना विनोदी वाटायचा. आहे म्हणायच्या ऐवजी शे म्हणाली की जावा तोंडाला पदर लावायच्या. म्हणून तीही आमच्याशी सरळ, शहरी बोलायला शिकली. शे बाहेर पडायचा तो मनातलं बोलताना किंवा माहेरी गेल्यावर.

ती माहेरी जायची अखजीला. अक्षय्य तृतीयेला आम्ही अखजी म्हणतो, आणि सासुरवाशिणींना त्या दिवसांत अडवायची खान्देशात कुणाची हिंमत होत नाही. आजीचीसुद्धा नव्हती. मी पाच सहा वर्षांची असतानाची एक अखजी मला लख्ख आठवते. मामाच्या घरी रसासाठी आणलेले आंबे माजघरात गवतावर पिकत घातलेले होते. मी त्यातला एक उचलला आणि खाटेखाली बसून चोखत होते. तेवढ्यात बाहेरून मामाचा खणखणीत आवाज आला. त्यानं आजीच्या नावानं हाक मारली होती. नुसतं नाव, पुढे मागे काही नाही, आणि शेवटाला लांब हेल.

माझी तर पाचावर धारण बसली. आजी जळगावहून इथवर आली आणि आता आंब्याचा हिशेब घेणार. शिवाय मामाला आजीचं नाव असं मोकळं घ्यायची छाती कशी झाली, हेही कळेना. मी आंबा फ्रॉकमध्ये लपवून भिंतीला चिकटून बसले. रस पोटावरून ओघळत होता. तेवढ्यात कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावरून कुणीतरी "ओ" दिली. तो आवाज माझ्या आईचा होता. मी खाटेखालून बघितलं, तर आई झोक्यावरून उडी मारून, पदर खोचून मामाकडे धावत निघाली होती. आई धावू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

ती चार दिवस वेगळीच बाई असायची. झोक्यावर उभी राहून इतका उंच झोका घ्यायची की मी खाली डोळे मिटून घेत असे. अखजीची गौराई बोळवायला बायका नदीवर गेल्या की दोन काठांवरून एकमेकींना शिव्या द्यायच्या अशी तिथली रीत. आईला किती शिव्या येतात ते मला त्या नदीवर कळलं. आणि घरभर, अंगणभर तिचं जुनं नाव. तिचे वडील, तिची आई, चुलती, झोक्यावरच्या मैत्रिणी, सगळे तिला त्याच नावानं बोलवायचे आणि ती प्रत्येकाला ओ द्यायची. ते दिवस मला अजून हवेसे वाटतात, यात लपवण्यासारखं काही नाही. जळगावला परतल्यावर पुढचा महिनाभर मी आईकडे जरा आश्चर्यानं बघायची.

पुढे ते आवाज एकेक करून गेले. आजोबा गेले, तिकडची आजी गेली, मैत्रिणी म्हाताऱ्या झाल्या, काहींनी अखजीला येणं सोडलं. आईला त्या नावानं हाक मारणारा एक मामा तेवढा उरला. तिचा थोरला भाऊ.

आता शुक्राचं. आमच्याकडे रीत होती की शुक्र समोर असताना नव्या सुनेला सासरी पाठवायचं नाही. समोर म्हणजे जायच्या दिशेला. शिंदखेड्याहून जळगाव पूर्वेला. आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या अखजीला शुक्र पहाटे पूर्वेला दिसत होता, म्हणजे सासरच्या वाटेवर अगदी तोंडासमोर. त्यामुळे चार दिवसांसाठी आलेल्या आईला तिच्या वडिलांनी परत पाठवलंच नाही. मामा रोज पहाटे उठून अंगणात जायचा, पूर्वेकडे बघायचा आणि आत येऊन जाहीर करायचा, समोरच शे. आई अंथरुणातून ऐकायची आणि कूस बदलून पुन्हा झोपायची. असा सबंध पावसाळा गेला. नागपंचमी झाली, पोळा झाला, मामाचं आपलं एकच. शेवटी सासरी कापूस फुटला आणि वेचायला हात कमी पडले, तेव्हा तिकडून माणूस आला. त्या वेळी शुक्र कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. आई हे सांगताना अजून हसते. पण तो पावसाळा तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, हेही तीच सांगते. त्या चांदणीशी तिचं नातं जडलं ते तेव्हापासून.

मी शिक्षिका म्हणून या रीतीला नाकं मुरडली आहेत. शुक्र काही सुनांना अडवायला फिरत नाही, तो सूर्याभोवती फिरतो, हे मी आईला शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, फिरू दे, माझं काय जातं.

तर मी शोधायला बसले. मोठ्या खड्ड्याचं उत्तर लवकर सापडलं, आणि ते ऐकून आई खूश झाली. ज्या बाईचं नाव त्याला दिलं आहे तिनं लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवलं होतं. "शाबास," आई म्हणाली, जणू ती शेजारच्या गल्लीतली सून होती. मग जरा वेळानं, दुसरीकडे बघत, तिनं विचारलं की लहान खड्ड्यांमध्ये आपल्याकडची नावं असतात का. मला कळलं तिला काय विचारायचं आहे. ते नाव ती घेणार नव्हती आणि मीही तिच्यासमोर घेतलं नाही. दोघींना कोणतं नाव ते माहीत होतं.

आठवडाभर मी संध्याकाळी डोळे फोडले. आईचं सासरचं नाव सापडलं. तांदळावर लिहिलेलं ते नाव शुक्रावर एका लहानशा खड्ड्याला होतं. मी गच्चीवर धावत गेले आणि तिला सांगितलं. तिनं आनंदानं ऐकून घेतलं, फोटोही बघितला.

"ती मी नही," ती म्हणाली. "ती दुसरी कोनी व्हई."

आणि दुसऱ्या नावाचं मी सांगायच्या आत तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं. ते नव्हतं. मी दोनदा बघितलं होतं. आई म्हणाली, जाऊ दे, एवढ्या लांब कोण हाक मारायला जाणार आहे. तिनं उरलेले बिबडे उचलले. पण त्या रात्री ती नीट जेवली नाही, आणि मला उगाच त्या ग्रहाचा राग आला.

अखजीच्या आधी मामेभावाचा फोन आला. मामाची नजर कधीचीच गेली होती, कान जड झाले होते, आणि आता तो माणसं ओळखत नव्हता. मुलाला म्हणतो कोण आहेस, सुनेला म्हणतो कुठल्या गावची. मामेभावाचं म्हणणं होतं की आत्यानं यावं, पण मनाची तयारी करून यावं. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं. तिनं फक्त एकच विचारलं, माले बी वळखाव नही का? मलाही ओळखणार नाही का? तिला काय गमवायची भीती होती ते मला पक्कं ठाऊक होतं. मामानं ओळखलं नाही, तर त्या नावानं तिला हाक मारणारं जगात कुणी उरणार नव्हतं. वर शुक्रावरही नाही आणि इथेही नाही.

आम्ही सुरतेकडे जाणाऱ्या गाडीनं निघालो. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं, आई खिडकीतून उन्हाकडे बघत बसली. एरवी नरडाणा आलं की ती पिशव्या आवरायला लागते, त्या दिवशी मीच आवरल्या. शिंदखेड्याला मामेभाऊ गाडी घेऊन आला होता. गावात पोहोचेपर्यंत दिवस मावळत आला. लिंबाला झोका बांधलेला होता. पोरी झोके घेत होत्या, आणि कुणाच्या तरी घरातून खापरावरच्या पोळीचा वास येत होता.

मामा ओसरीवर खाटेवर बसला होता. इतका लहान झालेला. ज्या माणसाच्या हाकेनं मी खाटेखाली भिंतीला चिकटले होते तो हाच, हे मला मनाला समजवावं लागलं. आई त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

"कोन शे?" त्यानं विचारलं.

मी पुढे झाले. शिकवायची सवय, मी मोठ्यानं आणि सावकाश आईचं नाव सांगितलं, सासरचं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी म्हटलं, मामा, जळगावहून आली, तुमची बहीण. त्यानं मान हलवली आणि म्हणाला की जळगाववाली अजून आली नाही, ती अखजीला येईल. मामेभाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, राहू दे ताई, असंच करतात. पण आईनं हात सोडला नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं ती रडणार.

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव घेतलं. स्वतःचं. सासूचं. जे तिनं लग्नापासून एकदाही उच्चारलं नव्हतं ते, मोठ्यानं, ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिचा आवाज चिरकला, कारण जिभेला सवय नव्हती. मी लिहायला बसले तेव्हा विचार केला होता की ते नाव इथे लिहावं. नाही लिहीत. तिनं ते भावासाठी घेतलं होतं.

मामानं मान वर केली. त्याचे पांढरे पडलेले डोळे आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. मग त्यानं तेच नाव घेतलं. आवाज कसला, नुसता श्वास होता, पण शेवटाला तोच लांब हेल.

"ओ," आई म्हणाली.

तो बराच वेळ तिचा हात चाचपत राहिला, बांगड्यांवरून बोटं फिरवत. अंगणातल्या पोरींचा गोंगाट चालूच होता. मग त्याच्या कपाळावर आठी पडली, काही महत्त्वाचं राहून गेल्यासारखी.

"सुक्र कोठे शे?" त्यानं विचारलं. "समोर व्हई तं जाऊ नको."

मी आकाशाकडे बघितलं. लिंबाच्या मागे, पश्चिमेला, शुक्र स्वच्छ दिसत होता. जळगावच्या वाटेला पाठ करून. आम्ही निघालो असतो तर तो आमच्या पाठीमागे राहिला असता, आणि नियमाप्रमाणे आईला जायला काहीच हरकत नव्हती. आमची परतीची तिकिटं दुसऱ्या दिवशीच्या सकाळची होती. आईलाही तो दिसत होता. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी भूगोलाची शिक्षिका, मला सगळ्या दिशा पाठ.

"समोरच शे, भाऊ," आई म्हणाली.

"मंग ऱ्हाय," मामा म्हणाला.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच जळगावला आले.